लेबलं गेलेल्या सहा बाटल्या: अल्कोहोल कुठलं, फिनॉल कुठलं?

रावपुरा_लॅब

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या ऑरगॅनिक लॅबमधल्या सहा बाटल्यांची लेबलं सांडलेल्या सॉल्व्हंटनं पुसली गेली आहेत. स्टॉक रजिस्टरवरून एवढं नक्की की त्यांत एन-ब्युटेनॉल, सेक-ब्युटेनॉल, टर्ट-ब्युटेनॉल, बेंझिल अल्कोहोल, फिनॉल आणि पॅरा-क्रेसॉल एकेक आहे. कुठलं कशात, ते ठरवायचंय. वडोदऱ्यात सध्या दुपारी लॅबमध्ये ३९ अंश असतं आणि सहाही बाटल्यांत द्रवच दिसतो, त्यामुळे नुसत्या नजरेनं काही कळत नाही.

बाटल्यांना क, ख, ग, घ, च, छ अशी अक्षरं देऊन आतापर्यंत एवढं केलंय. ल्युकास परीक्षेत (झिंक क्लोराइड आणि संहत हायड्रोक्लोरिक ॲसिड) क आणि ग टाकताक्षणी गढूळ झाले, ख साधारण मिनिटभरात, घ अर्धा तास स्वच्छ. क्रोमिक ॲसिडला ख, ग, घ हिरवे, क नारिंगीच राहिला. च आणि छ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतात, बायकार्बोनेटमध्ये फसफसत नाहीत. पण फेरिक क्लोराइडनं दोघांनाही जांभळा रंग येत नाही, मळकट पिवळाच राहतो.

ग ल्युकासला टर्शरीसारखा (ओएच गटाच्या कार्बनला तीन कार्बन जोडलेले) वागतो आणि क्रोमिकला प्रायमरीसारखा (एकच जोडलेला), हे कसं? ख मिनिटात गढूळ झाला म्हणजे नक्की काय समजायचं? आणि च-छ फिनॉलवर्गातले असतील तर रंग का येत नाही?

फतेगंज_ऑरगॅनिक

ग म्हणजे बेंझिल अल्कोहोल. तुम्हाला जो घोटाळा वाटतोय तीच त्याची ओळख आहे.

ल्युकास परीक्षा अल्कोहोल प्रायमरी आहे की टर्शरी हे थेट मोजत नाही. ओएच निघून गेल्यावर मागे उरणारा कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन) किती टिकाऊ, एवढंच ती सांगते. साध्या साखळीच्या अल्कोहोलमध्ये तो क्रम टर्शरी, सेकंडरी, प्रायमरी असा लागतो म्हणून वर्गीकरण जुळतं. बेंझिल अल्कोहोलचा ओएचवाला कार्बन प्रायमरीच आहे, पण शेजारच्या बेंझीन कड्यामुळे त्याचा कॅटायन अनुस्पंदनानं (भार कड्यावर वाटला जाऊन) स्थिर होतो आणि क्लोराइड झटकन बनतं. अलिल अल्कोहोलचंही तेच. क्रोमिक ॲसिड मात्र ओएचवाल्या कार्बनवर हायड्रोजन आहे का, हे पाहतं. बेंझिलमध्ये दोन आहेत, म्हणून हिरवा. टर्ट-ब्युटेनॉलमध्ये एकही नाही, म्हणून क नारिंगी. दोन्ही परीक्षा आपापल्या जागी बरोबर आहेत. ग चा गढूळपणा म्हणजे बेंझिल क्लोराइड, त्यानं डोळ्यांतून पाणी येतं. ती नळी हूडमध्येच (वाफा खेचणाऱ्या कपाटात) रिकामी करा.

बेंझिल अल्कोहोलमध्ये कडं दिसलं की मुलं त्याला फिनॉल म्हणून मोकळी होतात. ओएच कड्याच्या कार्बनला थेट लागलेला असेल तरच फिनॉल. मध्ये एक सीएच-टू आला की अल्कोहोल. फिनॉलचा पीकेए (आम्लपणाचं माप, आकडा लहान तितकं आम्ल जोरदार) १० च्या आसपास, बेंझिल अल्कोहोलचा १५ च्या पुढे. म्हणून फिनॉल अल्कलीत जातं, बेंझिल अल्कोहोल तळाशी थेंब होऊन बसतं (घनता १.०४, पाण्यापेक्षा जड). आणि बायकार्बोनेटमध्ये फिनॉल का जात नाही? कार्बोनिक ॲसिडचा पहिला पीकेए ६.३५, म्हणजे फिनॉल त्याच्याहून दुबळं, कार्बन डायऑक्साइड हुसकायची ताकद त्याच्यात नाही. पिक्रिक ॲसिड नावाला फिनॉलच आहे, पण त्याचा पीकेए शून्याजवळ, ते फसफसतं. तेव्हा "बायकार्बोनेटला बुडबुडे म्हणजे कार्बॉक्झिलिक ॲसिडच" असं डोळे झाकून लिहू नये.

अल्कलीत विरघळलं हा पुरावाही एकटा घेऊ नका. टर्ट-ब्युटेनॉल पाण्यातही हव्या त्या प्रमाणात मिसळतं आणि एन-ब्युटेनॉल १०० मिलि पाण्यात ७-८ ग्रॅम जातं, म्हणजे थोडे थेंब अल्कलीतही "विरघळलेले" दिसणारच. आधी नुसत्या पाण्यात टाकून पाहा. मग अल्कलीतल्या स्वच्छ द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड निळा लिटमस लाल होईपर्यंत घाला. दुधाळ होऊन तेलकट थेंब परत आले तर फिनॉल. त्यासाठी नमुना भरपूर घ्या, २ मिलि अल्कलीत अर्धा मिलि तरी. फिनॉल स्वतः पाण्यात सुमारे ८ टक्के विरघळतं, दोन थेंबांत परत काही दिसायचं नाही.

मकरपुरा_क्यूसी

ख बद्दल. ल्युकासचे ठोकताळे २६-२७ अंशांसाठी आहेत: टर्शरी लगेच, सेकंडरी साधारण पाच मिनिटांत, प्रायमरी नाहीच. ३९ अंशांत सेकंडरी मिनिटभरात गढूळ होणारच, त्यावरून त्याला टर्शरी ठरवू नका. नळ्या आणि अभिकर्मक दोन्ही माठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, थर्मामीटर २६ दाखवू लागला की मग मिसळा. टाकीचं पाणी मे महिन्यात उपयोगाचं नाही, ते स्वतःच गरम येतं.

अभिकर्मक ताजा हवा. १३६ ग्रॅम निर्जल झिंक क्लोराइड १०५ ग्रॅम संहत हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, बर्फात ठेवून, थोडं थोडं घालत. वर्गासाठी याच्या दहाव्या भागानं काम भागतं. झिंक क्लोराइड बाटलीत ओलं होऊन गठ्ठा झालं असेल तर बशीत वितळवून, थंड करून, फोडून घ्या. त्यातलं पाणी अभिकर्मकाला पातळ करतं आणि मग सेकंडरीही प्रायमरीसारखं गप्प बसतं. प्रमाण १ मिलि अल्कोहोलला ६ मिलि अभिकर्मक. बूच लावून हलवा आणि मग स्थिर ठेवा.

क टर्शरी आहे याची खात्री हवी तर झिंक क्लोराइड न घालता नुसत्या संहत हायड्रोक्लोरिक ॲसिडनं तेच प्रमाण घेऊन करा. टर्ट-ब्युटेनॉल त्यातही थोड्या वेळात थर देतं, सेकंडरी देत नाही. उन्हाळ्यात ल्युकासपेक्षा ही परीक्षा जास्त भरवशाची.

आणखी एक. सहा कार्बनांच्या पुढची अल्कोहोलं ल्युकासला लावू नयेत. ती अभिकर्मकात विरघळतच नाहीत, त्यामुळे पहिल्या क्षणापासून गढूळ दिसतात आणि पोरं टर्शरी लिहून येतात.

ख साठी खरा निवाडा आयोडोफॉर्म देईल. तुमच्या यादीत ओएचवाल्या कार्बनला मिथिल लागलेला आणि त्याच कार्बनवर एक हायड्रोजनही शिल्लक, असं फक्त सेक-ब्युटेनॉलमध्ये आहे. नमुन्याचे ५ थेंब, २ मिलि पाणी, २ मिलि १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड. मग आयोडीनचं द्रावण (१० ग्रॅम आयोडीन, २० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, १०० मिलि पाणी) थेंबाथेंबानं, फिकट पिवळा रंग टिकेपर्यंत. ६० अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा. रंग गेला तर आणखी आयोडीन, शेवटी जादाचं आयोडीन अल्कलीच्या एक-दोन थेंबांनी घालवा. पिवळा अवक्षेप, वितळणबिंदू ११९. नळी ॲसिटोननं धुतलेली नसावी. ॲसिटोनचा लवलेशही आयोडोफॉर्म देतो आणि मग सहाच्या सहा नमुने पॉझिटिव्ह. नमुन्याशिवाय एक कोरी नळी लावाच.

मांजलपूर_रसायन_ताई

फेरिक क्लोराइडचं सांगते. बाजारातलं फेरिक क्लोराइडचं द्रावण आम्लधर्मी असतं, ते गढूळ होऊ नये म्हणून त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलेलं असतं. रंग येतो तो लोहाला फिनॉक्साइड (हायड्रोजन गमावलेलं फिनॉल) जोडल्यामुळे, आणि आम्लात फिनॉक्साइड तयारच होत नाही. म्हणून पिवळं ते पिवळंच. दुसरी शक्यता, तुम्ही अल्कलीत विरघळवलेल्या नमुन्यावरच फेरिक घातलंत का? तसं असेल तर तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइड बसतं आणि रंग झाकतं.

उदासीन द्रावण असं करा: ५ मिलि फेरिक क्लोराइडमध्ये विरल अमोनिया थेंबाथेंबानं घाला, हलवत राहा. तपकिरी अवक्षेप हलवूनही जाईनासा झाला की थांबा, गाळा, गाळलेलं वापरा. ते त्याच दिवशी वापरायचं, दुसऱ्या दिवशी नको. नमुन्याचा एक थेंब ५ मिलि पाण्यात हलवून त्यात हे एकच थेंब. फेरिक जास्त झालं की त्याचा स्वतःचा पिवळेपणा जांभळ्यावर बसतो. फिनॉल जांभळं, पॅरा-क्रेसॉल निळसर. रेसॉर्सिनॉल निळं-जांभळं, कॅटेकॉल हिरवं. रंग क्षणभर येऊन जातो, तेव्हा थेंब टाकतानाच नळीमागे पांढरा कागद धरा.

रंग आला नाही म्हणून फिनॉल नाही असं मात्र नाही. नायट्रोफिनॉलं आणि ओएचच्या दोन्ही बाजूंना मोठे गट असलेली फिनॉलं नीट रंग देत नाहीत. उलट इथिल ॲसिटोॲसिटेट फिनॉल नसून ईनॉल रूपामुळे (दुहेरी बंधाच्या कार्बनवर ओएच) झकास रंग देतं.

च आणि छ वेगळे करायला मी फेरिकच्या छटेवर विसंबणार नाही. जांभळं आणि निळसर-जांभळं यावर दोन परीक्षकांत वाद होतो. त्यापेक्षा लिबरमान. कोरड्या नळीत सोडियम नायट्राइटचा लहान खडा आणि नमुन्याचा एक थेंब, वीस सेकंद हलकं गरम करा, थंड होऊ द्या, मग १ मिलि संहत सल्फ्युरिक ॲसिड. फिनॉलला गर्द हिरवा-निळा रंग, पाण्यात ओतल्यावर लाल, त्यात भरपूर अल्कली घातली की परत हिरवा-निळा. नायट्रोसो गट पॅरा जागेवर बसतो, आणि पॅरा-क्रेसॉलमध्ये ती जागा मिथिलनं अडवलेली आहे, म्हणून तिथं हा रंगांचा क्रम मिळत नाही. नळी ओली असेल तर काहीच धड दिसत नाही, लाल रंग आधीच येऊन बसतो.

थॅलिन परीक्षाही याच कारणानं चालते. नमुना आणि थॅलिक अनहायड्राइड प्रत्येकी ०.१ ग्रॅम, संहत सल्फ्युरिकचे दोन थेंब, मिनिटभर मंद आच, थंड करून विरल अल्कलीच्या मोठ्या बीकरमध्ये ओतायचं. फिनॉलनं फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी, पॅरा-क्रेसॉलनं नाही. अल्कली संहत घेतली तर गुलाबी येऊन उडून जातो, म्हणून विरलच. बायरनं १८७१ मध्ये फिनॉल्फ्थॅलिन आणि फ्लुओरेसिन दोन्ही याच पद्धतीनं केली होती. रेसॉर्सिनॉल घेतलंत तर हिरवी चमक दिसते, वर्गात मुलांना ती फार आवडते.

बारावी_सायन्स_२६

सर/ताई, पुस्तकात तर सोडियम धातू टाकून हायड्रोजन पाहायला सांगितलंय, त्यानं काम होणार नाही का? आणि घरी फिनॉलची परीक्षा करून पाहायची तर डेटॉल चालेल का?

फतेगंज_ऑरगॅनिक

सोडियम अल्कोहोलशीही हायड्रोजन देतो, फिनॉलशीही, आणि नमुन्यातल्या पाण्याशी तर सगळ्यात आधी. म्हणजे "ओएच आहे" एवढंच कळलं, वर्ग कळला नाही. नमुना कोरडा करायला कॅल्शियम क्लोराइड वापरू नकोस, अल्कोहोल त्याला चिकटून बसतं. निर्जल सोडियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट घे. सोडियमचा तुकडा मुगाच्या दाण्याएवढा, केरोसीन टिपकागदानं पुसून, शिक्षक समोर असतानाच.

डेटॉलचं लेबल वाच: क्लोरोझायलेनॉल ४.८ टक्के, टर्पिनिऑल ९ टक्के, शिवाय अल्कोहोल. म्हणजे एक फिनॉल, एक टर्शरी अल्कोहोल आणि एक प्रायमरी अल्कोहोल एकाच बाटलीत, साबणासकट. कुठलीही परीक्षा कुठल्याही घटकाचं उत्तर देईल. पाण्यात दुधाळ होतं ते वेगळंच. घरी ही कामं करायची नाहीत. फिनॉल कातडीवर पडलं तर जागा आधी पांढरी पडते आणि बधिर होते, म्हणून पोळल्याचं लक्षातच येत नाही. लॅबमध्ये त्यासाठी पीईजी-४०० ची (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची) बाटली हाताशी ठेवतात. पुसून काढायचं, मग भरपूर पाणी.

मकरपुरा_क्यूसी

रावपुरा, एक सोपी गोष्ट राहिली. तुमच्या सहापैकी तीन पदार्थ खरं तर "घन" आहेत, वडोदऱ्याच्या उन्हाळ्यानं त्यांना द्रव केलंय. फिनॉल ४०.५ अंशांना वितळतं आणि जरा ओलं असेल तर त्याच्या बऱ्याच खाली. पॅरा-क्रेसॉल ३५ ला, टर्ट-ब्युटेनॉल २५.५ ला. जानेवारीत सकाळी या तीन बाटल्या उलट्या केल्या असत्या तर थेंब पडला नसता.

प्रत्येकी १ मिलि कोरड्या नळीत घेऊन बर्फ-पाण्यात ठेवा. तीन गोठतील, तीन नाहीत. एन-ब्युटेनॉल, सेक-ब्युटेनॉल आणि बेंझिल अल्कोहोल शून्याला द्रवच राहतात. फिनॉल आणि क्रेसॉल अतिशीत होऊन (गोठणबिंदूखालीही द्रवच राहून) तसेच बसतात, काचकांडीनं नळीची आतली बाजू खरवडा. टर्ट-ब्युटेनॉलमध्ये थोडं पाणी शिरलं असेल तर ते गोठायचं नाही. तेव्हा न गोठलेल्यावरून निष्कर्ष काढू नका, गोठलेल्यावरून काढा.

क्रोमिकबद्दल: हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. १ ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड, १ मिलि संहत सल्फ्युरिक, मग सावकाश ३ मिलि पाण्यात ओतायचं, एवढं सगळ्या बॅचला पुरतं. १ मिलि ॲसिटोनमध्ये नमुन्याचा एक थेंब आणि अभिकर्मकाचा एकच. दोन-तीन सेकंदांतला हिरवेपणा मोजायचा, मिनिटानं आलेला ॲसिटोनचा असू शकतो. उरलेलं बेसिनमध्ये नको. मेटाबायसल्फाइट घालून पूर्ण हिरवं करा, मग चुन्यानं अवक्षेप काढून गाळ वेगळा ठेवा.

मांजलपूर_रसायन_ताई

नुसता "अल्कोहोल वर्ग की फिनॉल वर्ग" एवढाच प्रश्न असेल तर क्रोमियमची गरजही नाही, सेरिक अमोनियम नायट्रेट घ्या. ४० ग्रॅम, १०० मिलि २ नॉर्मल नायट्रिक ॲसिडमध्ये, कोमट करून. अभिकर्मकाचा अर्धा मिलि, ३ मिलि पाणी, नमुन्याचे ४-५ थेंब. अल्कोहोलनं लाल, फिनॉलनं तपकिरी ते हिरवट-तपकिरी अवक्षेप. बेंझिल अल्कोहोलसारखं पाण्यात नीट न जाणारं असेल तर पाण्याऐवजी डायॉक्झेन घ्या, पण मग फिनॉलचा अवक्षेप न दिसता गडद लाल-तपकिरी द्रावणच दिसतं आणि फरक पुसट होतो. लाल रंग लगेच नोंदवा, अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होत जातं तसा तो फिका पडतो.

रावपुरा_लॅब

सगळ्यांचे आभार. बर्फात क, च, छ गोठले, छ काचकांडीनं खरवडल्यावर. आयोडोफॉर्म फक्त ख ला, कोरी नळी स्वच्छ. क नं नुसत्या हायड्रोक्लोरिकमध्ये थर दिला, ख नं नाही. उदासीन फेरिकला च जांभळा, छ निळसर. लिबरमान च ला पूर्ण उतरली, छ ला नाही.

आता रजिस्टरमध्ये नोंदवायला व्युत्पन्नाचा (नमुन्यापासून बनवलेल्या घन संयुगाचा) वितळणबिंदू मागतात. कुठली व्युत्पन्नं करावीत? रेक्टिफाइड स्पिरिट आमच्याकडे परवान्याच्या मोजक्या साठ्यातून येतं, त्यामुळे पुनःस्फटिकीकरणात ते फार घालवता येणार नाही.

फतेगंज_ऑरगॅनिक

म्हणजे क टर्ट-ब्युटेनॉल, ख सेक, ग बेंझिल, घ एन-ब्युटेनॉल, च फिनॉल, छ पॅरा-क्रेसॉल. जुळतंय सगळं.

ख, ग, घ साठी ३,५-डायनायट्रोबेंझोएट. अर्धा ग्रॅम ३,५-डायनायट्रोबेंझॉइल क्लोराइड आणि १ मिलि कोरडं अल्कोहोल दहा मिनिटं हलकं उकळा, थंड करा, सोडियम कार्बोनेटच्या द्रावणानं धुवा. ही पायरी चुकवली तर सोबत डायनायट्रोबेंझोइक ॲसिड राहतं आणि वितळणबिंदू पसरतो. स्पिरिटऐवजी पेट्रोलियम ईथरमधून स्फटिक काढा, इथं तेच परवडतं. एन-ब्युटिल ६४, सेक-ब्युटिल ७६, बेंझिल ११३. टर्ट-ब्युटिलचा १४२ आहे, पण तो असा उकळून धड होत नाही, पिरिडिन लागतं. क साठी त्याचा स्वतःचा गोठणबिंदू आणि उत्कलनबिंदू ८२ एवढं पुरे.

च आणि छ साठी बेंझोएट करू नका. सगळ्यांच्या हाताला तेच सवयीचं, पण फिनिल बेंझोएट ६९ ला वितळतं आणि पॅरा-क्रेसिल ७१ ला, दोन अंशांत काय सिद्ध होणार! ब्रोमीन पाणीही फिनॉलपुरतं ठीक, पांढरा ट्रायब्रोमोफिनॉल, ९५. ब्रोमीन जास्त झालं की तो पिवळा पडतो. क्रेसॉलचा डायब्रोमो ४९ ला वितळायला हवा, पण जादा ब्रोमीननं तो हाती लागत नाही. ॲरिलॉक्सिॲसिटिक ॲसिड करा. १ ग्रॅम नमुना, ३.५ मिलि ३३ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, २.५ मिलि ५० टक्के क्लोरोॲसिटिक ॲसिड. गोळा झालं तर थोडं पाणी. सैल बूच लावून उकळत्या पाण्यावर तासभर. थंड करून १० मिलि पाणी, मग काँगो रेड (आम्ल दाखवणारा रंग) निळा होईपर्यंत विरल हायड्रोक्लोरिक. ईथरनं काढा, ईथर पाण्यानं धुवा, ५ टक्के सोडियम कार्बोनेटनं हलवा. न बदललेलं फिनॉल ईथरमध्येच राहतं, आपलं ॲसिड कार्बोनेटमध्ये उतरतं. तो थर वेगळा करून परत आम्लधर्मी केला की स्फटिक, आणि ते गरम पाण्यातूनच शुद्ध होतात, स्पिरिट लागत नाही. फिनॉलचं ९९, पॅरा-क्रेसॉलचं १३६.

क्लोरोॲसिटिक हातमोज्याशिवाय हाताळू नका. आणि नवीन लेबलं पेन्सिलनं लिहून वर पारदर्शक टेप लावा, बॉलपेनची शाई ब्युटेनॉल पहिल्या थेंबाला घेऊन जातं. च ची बाटली तपकिरी काचेची हवी. उजेडात आणि हवेत फिनॉल गुलाबी पडत जातं. नुसत्या गुलाबी झाकेनं परीक्षा बिघडत नाहीत, लालसर-तपकिरी झालं असेल तर मात्र डिस्टिल करून मगच वापरा.